कपाटातील टॅब आणि त्याचा रोजचा उपयोग

गेल्या दहा-बारा वर्षांत राज्यातील अनेक शाळांत, ग्रामपंचायतींत आणि कार्यालयांत टॅब्लेट संगणक, म्हणजेच आपल्या बोलीतला ‘टॅब’, येऊन पोहोचला आहे. कोठे तो शासकीय योजनेतून आला, कोठे लोकवर्गणीतून, तर कोठे एखाद्या दात्याने दिला. तो आला त्या दिवशी नारळ फुटला, छायाचित्र निघाले आणि डेडस्टॉक रजिस्टरला रीतसर नोंद झाली. त्यानंतर तो कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. प्रस्तुत लेखकास कामानिमित्त निरनिराळ्या गावी जावे लागते. अशा भेटींत टॅबची चौकशी केली की कपाटाची किल्ली शोधण्यापासून आरंभ होतो. टॅब खोक्यासह मिळतो, पण सुरू होत नाही. ‘डेडस्टॉक’ हे नाव अशा वेळी अगदी शब्दशः सार्थ झालेले असते.

यात कोणा एकाचा दोष आहे असे म्हणता येणार नाही. हाती आलेल्या वस्तूचे नेमके काम कोणते, हे कोणी सांगितले नाही की ती वस्तू शोभेची होते. ‘याने सर्व काही करता येते’ असे सांगितल्याने भागत नाही. सर्व काही करता येणाऱ्या वस्तूने आज सकाळी कोणते काम करावयाचे, हा प्रश्न तसाच शिल्लक राहतो. तेव्हा टॅब रोजच्या व्यवहारात कोठे उपयोगी पडतो आणि कोठे पडत नाही, याचा थोडा तपशिलात विचार करावयास हवा.

या वस्तूची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ अ‍ॅलन के यांनी १९७२ साली ‘डायनाबुक’ या नावाने वहीएवढ्या संगणकाचा आराखडा मांडला होता, आणि तो मुख्यत्वे मुलांसाठी होता. ती वही कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही. बोटाने चालविता येणारा आजच्या घडणीचा टॅब सर्वत्र पसरला तो २०१० साली अ‍ॅपलचा ‘आयपॅड’ बाजारात आल्यानंतर. आपल्याकडे केंद्र शासनाने ५ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा सात इंची टॅब आणला. त्याची किंमत सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास होती. स्वस्तपणाचे कौतुक झाले, परंतु त्याचा पडदा बोटाने दाबावा लागे आणि बॅटरी दोन-तीन तासांत संपे. पुढच्याच वर्षी सुधारित आवृत्ती आणावी लागली. वस्तू स्वस्त असणे आणि ती वर्गात पाच तास चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या अनुभवातून कळले. ‘आकाश’च्याच वर्षी सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सने तयार केलेले सहा लाखांहून अधिक टॅब गणनेच्या कामी लागले होते. तेथे कामाविषयी शंका नव्हती. दारापुढे उभे राहावयाचे, प्रश्न विचारावयाचे आणि उत्तर नोंदवावयाचे.

मोबाईल असता टॅब कशाला?

हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो आणि तो योग्यच आहे. त्याचे उत्तर मोजपट्टीने देता येते. आपला सर्व कार्यालयीन व्यवहार ए-फोर आकाराच्या कागदावर चालतो. या कागदाची रुंदी २१० मिलीमीटर असते. मोबाईलच्या पडद्याची रुंदी साधारण ७०, तर दहा इंची टॅबची उभ्या स्थितीत १३५ मिलीमीटर असते. म्हणजे कागदावर बारा पॉइंटमध्ये छापलेले अक्षर मोबाईलवर पूर्ण पान दिसताना चार पॉइंटचे होते. ते वाचताच येत नाही. टॅबवर ते जवळपास आठ पॉइंटचे राहते. वर्तमानपत्रातील छोट्या जाहिराती वाचणाऱ्यास ते वाचता येईल. आणि टॅब आडवा धरला तर कागदाची संपूर्ण रुंदी मूळ आकारात मावते. अर्धे पान वर, अर्धे खाली सरकवून वाचावयाचे, एवढाच फरक.

याचा अर्थ असा की टॅब हा मोठा मोबाईल नव्हे आणि छोटा संगणकही नव्हे. तो हातात धरून चालता येईल असा कागद आहे. लिहिण्याचे मोठे काम, जमाखर्चाचे तक्ते, लांबलचक अहवाल यांसाठी टेबलावरचा संगणकच हवा. टॅबवर पाचशे नोंदी भरावयास सांगितलेला कर्मचारी तो टॅब पुन्हा कपाटात ठेवील आणि त्यात त्याची चूक नाही. याउलट, कागद जेथे आहे तेथे ज्याचा त्याच्याशी संबंध आहे तो माणूस येऊ शकत नसेल, किंवा येऊनही त्याला तो दिसत नसेल, तेथे टॅबचे काम सुरू होते.

घरापर्यंत गेलेला नमुना आठ

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका गावचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (गावात त्यांना अजून सर्वजण ग्रामसेवकच म्हणतात) नमुना आठ, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही, पानापानाने टॅबवर छायांकित करून घेतली. वसुलीला निघालेला कर्मचारी टॅब बरोबर नेऊ लागला. एका घरी सत्तरीच्या आजी ओटीवर बसल्या होत्या. घरपट्टी जास्त लागते, ही त्यांची जुनी तक्रार. कर्मचाऱ्याने पान उघडून दोन बोटांनी मोठे केले आणि टॅब त्यांच्या पुढ्यात धरला. “आजी, हे तुमचं घर. पुढची खोली, मधलं घर, मागची पडवी...”

“पडवी?” आजी म्हणाल्या, “ती पडून दोन पावसाळे झाले की रे बाबा.”

नोंदवही चार पावलांवरच्या कार्यालयात वर्षानुवर्षे होती आणि ती पाहण्याचा आजींना पूर्ण हक्क होता. परंतु कार्यालयात जाऊन ‘माझे पान दाखवा’ असे म्हणण्याचे धैर्य सर्वांना असतेच असे नाही, आणि गेल्यावर बारीक अक्षर दिसते असेही नाही. कर्मचाऱ्याने पडवीच्या जागेचे छायाचित्र तेथेच घेतले, दुरुस्तीचा अर्ज लिहून आजींचा अंगठा घेतला आणि पुढील आकारणीसाठी तो मासिक सभेपुढे ठेवला. त्या फेरीत अशा दुरुस्त्या आणखीही निघाल्या. त्यांतील काही ग्रामपंचायतीच्या उत्पन्नात भर घालणाऱ्या होत्या, कारण वाढविलेल्या खोल्याही टॅबला दिसल्याच!

हाच उपयोग ग्रामसभेत होतो. जमाखर्चाचे वाचन भरभर होते आणि मागे बसलेल्यांना आकडा ऐकू येत नाही. तोच ताळेबंद टॅबवर घेऊन रांगेतून फिरविला, किंवा टॅब दूरदर्शन संचास तारेने जोडून भिंतीवर दाखविला, तर प्रश्न विचारणाऱ्यास नेमक्या ओळीवर बोट ठेवता येते. सातबाऱ्याचेही तसेच. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाईन मिळू लागला. तो मिळविणे सोपे झाले, परंतु त्यातील इतर हक्कांचा रकाना वाचून समजावून देणारा माणूस आणि वाचता येईल एवढे पान या दोहोंची गरज उरलीच आहे.

व्हॉल्व्ह कोठे आहे?

पाणीपुरवठ्याच्या संदर्भात टॅबचा जो उपयोग लेखकाच्या पाहण्यात आला तो सविस्तर सांगावासा वाटतो, कारण ही अडचण जवळजवळ प्रत्येक गावी आहे. नळयोजनेचे पाइप जमिनीखाली असतात. त्यांचा नकाशा ठेकेदाराने दिलेला असतो, तो फायलीत असतो, आणि प्रत्यक्ष काम त्याप्रमाणे झालेले असतेच असे नाही. व्हॉल्व्ह कोठे आहेत हे एकाच माणसाला ठाऊक असते: पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला. तो निवृत्त झाला किंवा आजारी पडला की गाव हवालदिल होते. कोठे गळती लागली तर कोणता व्हॉल्व्ह बंद करावयाचा हे कळेपर्यंत टाकी रिकामी होते. जलजीवन मिशनमुळे २०१९ नंतर नळांचे जाळे वाढले, त्याबरोबर ही अडचणही वाढली.

एका ग्रामपंचायतीने निवृत्तीला तीन महिने राहिलेल्या कर्मचाऱ्याबरोबर शाळेतील एक शिक्षक आणि दोन सदस्य यांना टॅब देऊन गावभर फिरविले. प्रत्येक व्हॉल्व्हजवळ थांबून तीन गोष्टी केल्या. प्रथम आजूबाजूचा परिसर दिसेल असे छायाचित्र घेतले. नंतर जवळच्या दोन पक्क्या खुणांपासून, उदाहरणार्थ देवळाच्या चौथऱ्याचा कोपरा आणि विजेचा खांब, फितीने अंतर मोजले. शेवटी कर्मचाऱ्याला त्याच्याच शब्दांत सांगावयास लावले: हा कोणत्या आळीचा, किती फेरे फिरवावयाचा, कोठे अडकतो. हे बोलणे ध्वनिमुद्रित केले.

फितीची आवश्यकता का पडली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. टॅबमध्ये जीपीएस असल्यास छायाचित्राबरोबर अक्षांश-रेखांशांची नोंद होते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती सोय चालू करावी लागते. तथापि, मोकळ्या आकाशाखालीही या नोंदीत साधारण पाच मीटरचा फरक पडू शकतो. शेततळे किंवा पाझर तलाव दाखविण्यास एवढी अचूकता पुरेशी आहे, पण मातीखाली गेलेली वीतभर झाकणी शोधण्यास नाही. पाच मीटर म्हणजे रस्त्याची एक कड सोडून दुसरी कड. दोन खुणांपासूनची दोन अंतरे मात्र जागा जवळजवळ निश्चित करतात. दोरीने कंस काढून बिंदू मिळविण्याची शाळेतील भूमिती येथे उपयोगी पडते. आणखी एक गोष्ट म्हणजे, केवळ वाय-फायवर चालणाऱ्या बऱ्याच टॅबमध्ये जीपीएस नसतेच. खरेदीपूर्वी हे पाहून घ्यावे. ज्यात ते आहे त्याला स्थान शोधण्यास इंटरनेट लागत नाही, परंतु पडद्यावर नकाशा दिसावयाचा असेल तर तो आधी उतरवून ठेवावा लागतो.

त्या गावात एक व्हॉल्व्ह काही केल्या सापडेना. कर्मचारी ठामपणे सांगत होता की तो येथेच आहे, आणि तेथे तर नवा काँक्रीटचा रस्ता. रस्त्याच्या कामाची छायाचित्रे कोणीतरी मोबाईलवर जपली होती. ती टॅबवर मोठी करून पाहिली तेव्हा खडी पसरण्यापूर्वीच्या एका चित्रात झाकणी स्पष्ट दिसली. ग्रामपंचायतीने तेथे काँक्रीट कापून चौकोनी खड्डा ठेवला. रस्ता करण्यापूर्वीच ही फेरी झाली असती तर कापण्याचा खर्च वाचला असता, हे तेथील सरपंचबाईंनीच बोलून दाखविले.

तीस मुले, एक टॅब

शाळेत प्रत्येक मुलास टॅब हे स्वप्न चांगले आहे, पण बहुतेक ठिकाणी वस्तुस्थिती एका वर्गास एक अशीच आहे. एका टॅबवर तीस मुलांना चित्रफीत दाखविली तर मागच्या बावीस जणांस काही दिसत नाही. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड आणि २०१७ साली सुरू झालेला ‘दीक्षा’ मंच यांचा उपयोग शिक्षकाने तयारीसाठी आणि चार-पाच मुलांच्या गटासाठी करावा, हे बरे. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याच्या कामी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी मोठा पुढाकार घेतला आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे वाचकांना ठाऊकच आहे. त्यांची शाळाही जिल्हा परिषदेचीच होती.

परंतु टॅबवरचा सर्वांत गुणकारी आणि सर्वांत कमी वापरला जाणारा भाग म्हणजे ध्वनिमुद्रण, असे लेखकाचे मत आहे. तिसरीच्या एका शिक्षिका आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाकडून एक मिनिट वाचन करवून घेतात आणि ते मुद्रित करतात. मूल स्वतःचा आवाज ऐकते. कोठे अडखळलो, जोडाक्षर कसे गिळले, पूर्णविरामाला कसे थांबलोच नाही, हे त्याला शिक्षकाने न रागावता कळते. जूनचे वाचन डिसेंबरात ऐकविले की मूल हसू लागते. पालकसभेत बाईंना गुण सांगावे लागत नाहीत, दोन मुद्रणे ऐकविली की पुरते. एका मिनिटाच्या मुद्रणास सुमारे एक एमबी जागा लागते. तीस मुले आणि तीस आठवडे धरले तरी एक जीबीच्या आत वर्ष मावते. यासाठी इंटरनेट नको, वेगळे अ‍ॅप नको, प्रशिक्षणही नको.

वाचनासाठी मराठीत विनामूल्य सामग्री पुष्कळ आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके, १९७१ पासूनच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक, मराठी विश्वकोशातील नोंदी, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके संकेतस्थळांवर वाचावयास मिळतात. पुस्तके आणि अंक तालुक्याच्या गावी, जेथे नेटवर्क चांगले आहे तेथे, उतरवून घ्यावेत आणि शाळेत नेटवर्कविना वाचावेत. मात्र शंभर पुस्तके भरून ठेवण्यापेक्षा या आठवड्यासाठी चार निवडून पहिल्या पडद्यावर ठेवावीत. मुलांना निवड हवी असते, ढीग नको.

ज्यांना दिसत नाही, लिहिता येत नाही

अँड्रॉइड टॅबच्या सेटिंगमध्ये ‘सुलभता’ नावाचा एक विभाग असतो. तो फारसे कोणी उघडत नाही. त्यात अक्षरे मोठी करण्याची, पडद्याचा भाग भिंगाप्रमाणे वाढविण्याची आणि पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविण्याची सोय आहे. वाचन मराठीतही होते. उच्चार काहीसा यांत्रिक वाटतो, पण अर्थ कळतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या लेखकाच्या वडिलांनी सहा महिने वर्तमानपत्र असेच वाचले. प्रथम दोन दिवस ते ‘हे काय खूळ’ म्हणाले, तिसऱ्या दिवसापासून टॅब मागून घेऊ लागले.

बोलून लिहिण्याची मराठी सोय गूगलने २०१७ साली सुरू केली. इतिवृत्ताचा कच्चा मसुदा, तक्रार अर्ज, पंचनाम्याचे टिपण यांसाठी ती चांगली आहे. लिपी युनिकोड असल्याने तो मजकूर पुढे कोणत्याही संगणकावर उघडतो, आणि जुन्या फाँटमधील मजकुराप्रमाणे त्याची चिन्हे होत नाहीत. माणसांची आडनावे, वाड्यांची नावे आणि आकडे मात्र डोळ्यांनी तपासल्याशिवाय सही करू नये. यंत्राला आपल्या वाडीचे नाव ठाऊक नसते आणि ते बिनदिक्कत जवळचा दुसरा शब्द ठेवून देते.

निगा व जबाबदारी

टॅब मरतो तो बहुधा वापराने नव्हे, तर न वापरल्याने. त्यातील लिथियम-आयन बॅटरी पूर्ण उतरलेल्या स्थितीत महिनोन्महिने राहिली तर ती इतकी खाली जाते की पुन्हा चार्ज होत नाही. मे महिन्याच्या सुटीसाठी टॅब ठेवावयाचा असेल तर निम्मा चार्ज करून, पूर्ण बंद करून, पत्र्याखालच्या तापणाऱ्या फळीवर न ठेवता थंड जागी ठेवावा आणि महिन्या-दीड महिन्याने पाहावा. एका कार्यालयात शिपायाच्या साप्ताहिक कामांच्या यादीत ‘सोमवार: टॅब चार्जिंग’ अशी ओळच घातली आहे. किल्ली एकाच्या खिशात राहणे, हा टॅबचा दुसरा शत्रू. नाव घालून दिलेला एक माणूस आणि त्याच्या गैरहजेरीत दुसरा, अशी लेखी व्यवस्था असावी.

नमुना आठ दारोदार नेताना ज्याचे पान त्यालाच दाखवावे. शेजाऱ्याची थकबाकी वाचून दाखविणे हा लोकशिक्षणाचा भाग नव्हे. लाभार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांक, बँकेची पासबुके यांची छायाचित्रे टॅबवर साठवू नयेत, आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर मुळीच टाकू नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने केला आहे. मुलांच्या आवाजाची मुद्रणे पालकांना सांगूनच करावीत आणि वर्षअखेरीस पालकांना देऊन टॅबवरून पुसावीत. टॅबला कुलूप, म्हणजे सांकेतिक अंक, अवश्य घालावा, आणि तो अंक टॅबच्याच पाठीवर चिकटवून ठेवू नये. हे सांगण्याचे कारण लेखकाने तसे पाहिले आहे.

ज्या टॅबला कंपनीकडून नव्या सुधारणा येणे थांबले आहे, त्यावर बँकेचे अथवा कार्यालयाच्या लॉगिनचे काम करू नये. त्यातील माहिती पुसून तो शाळेच्या वाचनकोपऱ्यास द्यावा. नेटवर्कविना पुस्तक वाचण्यास तो आणखी काही वर्षे उपयोगी पडतो. पाठीमागचा भाग फुगलेला दिसला तर मात्र तो त्या दिवसापासून बंद ठेवावा, चार्ज करू नये, उघडण्याचा प्रयत्न करू नये आणि मुलांच्या हाती मुळीच देऊ नये, कारण फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. असा टॅब भंगारवाल्यास विकता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे तो नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच जावयास हवा. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठविताना त्या केंद्राची पावती जोडावी आणि मगच डेडस्टॉक रजिस्टरमधील नोंद कमी करावी.